बाजूला ठेवलेली फाईल

९ नोव्हें., रविवार. असोदा
टॅब आबांच्या मांडीवर ठेवला, चित्र दाबलं की शब्द बोलणारं माझं ॲप उघडून. त्यांचं डावं बोट धरून पेल्याच्या चित्रावर टेकवलं. आवाज नाही. ताट, नाही. पंखा, नाही. चित्रं सगळी आलीत, आवाज एकही नाही. आबा माझ्याकडे बघत राहिले. अर्धांगवायूनंतर वडिलांची जीभ वळत नाही, पण नजर तीच, मी दहावीत गणितात गचकलो तेव्हाची.
लताकाकू (आबांचं सगळं हीच चुलती बघते, मी आपला रविवारचा पाहुणा) म्हणाली, "मुकं यंत्र आणलं का रे बापा?"
चिडलो. तिच्यावर नाही, पण चिडलो.

१० नोव्हें., सोम. जळगाव
सापडलं. ऑफिसच्या कामातली इग्नोर फाईल (काय वगळायचं त्याची यादी) जशीच्या तशी उचलून इथे टाकली होती, आणि तिच्यात लिहिलेलं की आवाजाच्या फाईली घेऊ नका. ऑफिसात ते बरोबर, इथे शुद्ध गाढवपणा. ‘गिट ॲड डॉट’ (इथलं सगळं साठ्यात घे) म्हटलं की आपल्याला वाटतं सगळं गेलं. काय वगळलं याबद्दल ते ब्र काढत नाही. एका फाईलीचं नाव घेऊन टाकायला गेलो तेव्हा कुठे बोललं, ही वगळलेली आहे, खरंच हवी असेल तर ‘डॅश एफ’ लाव. टॅब सगळं त्या साठ्यातूनच, रेपोमधूनच घेतो, त्यामुळे तोही मुका.
आधी ‘डॅश एन’ लावून बघायचं. ते काही टाकत नाही, काय जाणार तेवढं दाखवतं. पोरांना ऑफिसात हे मीच शिकवतो. असो.

१२ नोव्हें., बुध.
संध्याकाळभर आणखी शब्द कापले. देवळातल्या माईकवरून गावाला सूचना द्यायचं काम कायम आबांचं. पाणी कधी सुटणार, लाईट कधी जाणार, कोणाची म्हैस सुटली, कोण वारलं. नवा सेट आल्यापासून माईकवरचं आपोआप पेनड्राइव्हवर उतरतं. तो पेनड्राइव्ह देवळातल्यांनी आणून दिला म्हणून हे सुचलं. बटण दाबलं की आबांच्याच आवाजात शब्द.
आबा प्रत्येक सूचना दोनदा द्यायचे. पहिली घाईत. मग ‘पुन्हा एकदा ऐका’, आणि दुसरी सावकाश, शब्दन्‌शब्द सुटा. त्यांचं म्हणणं, पहिल्यांदा कानावर पडतं, दुसऱ्यांदा ऐकू येतं. मी दुसरीच कापतोय. पाणी, लाईट, डॉक्टर मिळाले. जेवण भंडाऱ्याच्या सूचनेतून. ‘नको’ कुठेच नाही. ‘दुखतंय’ही नाही. गावाला कोण सांगणार दुखतंय म्हणून.
एक फाईल ‘बाजूला’ नावाच्या फोल्डरात ठेवली. ते फोल्डर इग्नोरमध्ये लिहून टाकलं. आई गेली ती सूचना आहे ती, तारखेवरून कळलं. आबांनीच दिली होती, स्वतः. मी तेव्हा पुण्याहून गाडीत. ती ऐकलेली नाही आणि ऐकायचीही नाही.

१६ नोव्हें., रविवार
उज्जू धुळ्याहून सकाळच्या बसने आली. बहीण धाकटी, पण तिकडे कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे मलाही शिकवते. मी एकेक फाईल नाव घेऊन टाकत होतो. तिला बघवेना.
"भाऊ, याने संध्याकाळ होईल. उठ तू. कचोरी घेऊन ये."
परत आलो तोवर सगळं टाकून झालं होतं. डॅश एफ, डॉट. टॅबवर उतरवलं आणि मोटारसायकलवर दोघं असोद्याला.
आबांनी पेला दाबला. "पाणी!" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. काकूच्या हातून लाटणं पडलं. आबा हसले, अर्ध्या तोंडाने, पण हसले. मग पंखा, लाईट, डॉक्टर, पुन्हा पाणी. आम्ही पेले आणून आणून दमलो. किती दिवसांनी घरात असा गलका. फार बरं वाटलं.

१८ नोव्हें., मंगळ.
ऑफिसात होतो, काकूचा फोन. "हेमंता, ते शेवटचं राखाडी बटन कशाचं रे? त्याले चित्रच नही. तुहे आबा सकाळपासून तेच दाबू राह्यले."
मागे आवाज चालू होता. ग्रामस्थांना कळविण्यात येते की. पुढे आईचं नाव. फोन ठेवून दिला.
कसं झालं ते कळायला वेळ लागला नाही. ॲप प्रत्येक आवाजाचं बटण करतं, मग तो कुठल्याही फोल्डरात असो. डॅश एफ सगळं घेतं, वगळलेलंही.
उज्जूला लावला. म्हटलं, आधी डॅश एन लावून बघायचं कळत नाही का?
"लावलं होतं भाऊ. यादीत दिसली ती."
"मग?"
"मग टाकली."
"मला न विचारता?"
"तू काढलीस ती आबांना विचारून का? आवाज त्यांचा, बायको त्यांची."
मी बोलू नये ते बोललो. तिनेही ठेवून दिला.

२१ नोव्हें., शुक्र.
फाईल काढून टाकायची कमांड लिहिली. एंटर दाबायच्या आधी वाटलं, काढतोय ती निदान ऐकावी.
ऐकली. पहिली खेप नेहमीसारखीच, घाईत. "ग्रामस्थांना कळविण्यात येते की, शांताबाई यांचे आज पहाटे निधन झाले आहे." वेळ, ठिकाण, सगळं व्यवस्थित. मग "पुन्हा एकदा ऐका."
पुढे काही नाही. माईकची घरघर. बराच वेळ. मग लांबून उज्जूचा आवाज, "आबा, चला." आणि खट्.
म्हणजे दुसऱ्यांदा सांगितलंच नाही. उज्जू तिथेच देवळाच्या पायरीवर उभी होती. इतक्या दिवसांत बोलली नाही, मीही विचारलं नाही.
कमांड पुसली. रडलो. दार लावलेलं होतं.

२३ नोव्हें., रविवार. असोदा
काकू म्हणाली, "नुसता बस. पाह्य."
आबांनी राखाडी बटण दाबलं. पहिली खेप झाली. ‘पुन्हा एकदा ऐका’ आलं, घरघर सुरू झाली, आणि आबांनी मान ताठ केली, माईकपुढे करायचे तशी. तोंड उघडलं. "शा." थांबले. "शा. शां." घरघर संपली. परत बटण.
"रोज असंच?"
"सकाळ-संध्याकाळ. मले वाटलं रडतीन. नही रडत. कामच करू राह्यले ते."
बोलायचे व्यायाम घेणाऱ्या ताई इतके दिवस ‘पा, पा’ करून थकल्या, त्यांच्यापुढे तोंड उघडलं नाही. आणि हे आपणहून. आबांची दुसरी खेप राहिलीय, ते ती देतायत. मी फोनवर रेकॉर्ड केलं. त्यांना दिसलं, पण हात हलवून नाही म्हणाले नाहीत.

२४ नोव्हें., सोम.
उज्जूला रेकॉर्डिंग पाठवलं. सॉरी लिहिलं नाही, तिला कळतं. तिचं उत्तर, "त्या बटणाला आईचा फोटो लाव. पिंपळनेरचा, लग्नातला." लगेच पाठवलाही. आई डोक्यावर पदर घेऊन कोणावर तरी खेकसतेय. झकास आहे.

२७ नोव्हें., गुरु.
फोटो लावला नाही अजून. उज्जूने दोनदा विचारलं. ऑफिसचं काम आहे म्हणालो. खोटं.
खरं इथे लिहितो. आबा बोलायला लागावेत, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. पण त्यांची दुसरी खेप पुरी झाली की आई गेली. मी गाडीत होतो, पोचलो तोवर सगळं आटोपलेलं. माझ्या कानावर ते आत्ता, शुक्रवारी पडलं. मला अजून वेळ हवाय. त्यांना नकोय.

२९ नोव्हें., शनि.
डॅश एन लावलं. दोन नावं आली. आईचा फोटो, आणि रविवारी रेकॉर्ड केलेली ‘आबा दुसरी खेप’. इग्नोरमधून आवाजांची आणि ‘बाजूला’ची, दोन्ही ओळी काढल्या आहेत, त्यामुळे डॅश एफची गरज नाही. साधं ॲड पुरेल.
एवढ्यात काकूचा फोन. तिने तो नुसता आबांच्या तोंडाशी धरला. घरघर. मग आबा. सावकाश, सुटं सुटं. "शां ता बाई. यां चे." थांबले. धाप लागली होती.
काकू म्हणाली, "आज इथलोक आले."
पुढे ‘आज पहाटे’, आणि मग ‘निधन’. उद्या रविवार. उज्जू येतेय, थेट असोद्याला. आबा पुढच्या शब्दावर अडले तर मी त्यांच्याबरोबर म्हणायचा का, की त्यांचा त्यांना म्हणू द्यायचा?