येतानाचं भाडं

दादा,

शेजारच्या शिंपीणकाकूंना बाबांच्या गाडीतून डायलिसिसला घेऊन निघालेय. किलोमीटरला पंधरा, जातायेता दोन्हीचे, हा तुझा आकडा पेट्रोल बघता बरोबरच आहे. पण तो ऐकून काकू म्हणाल्या, "मग आठवड्यातून तीनदाऐवजी एकदाच जाईन गं."

बाबा त्यांच्याकडून फक्त जातानाचे घ्यायचे. "येताना मी माझ्या घरीच येतो, त्याचं कसलं भाडं?" म्हणायचे. मीही तेच ठरवलंय. चिडलास तरी चालेल.

सोफ्यावरची उशी शोधू नकोस, ती माझ्या पाठीमागे आहे. बाबा गेल्यापासून ड्रायव्हरची सीट कुणी हलवलेली नाही, आणि माझ्याने ती पुढे ओढवेना.

जेवण झाकून ठेवलंय. जेवायला माझ्यासाठी थांबलास तर बरं वाटेल. येताना मी घरीच येतेय.

तुझी ठेंगू