क्रॅडॉक बोलला की वाटोळं

पोर्ट ऍलार्ड,
गुरुवार, ११ नोव्हेंबर १९७१

प्रिय ल्यूथर,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो बोटांमुळे, असं लिहिणार होतो. तेरा वर्षं बेसबॉलच्या मैदानावर तुझे चेंडू झेलून वाकडी झालेली बोटं आहेत ही, थंडी पडली की पेन धरताना कुरकुर करतात. पण ते कारण खोटं आहे. बोटं ठीक आहेत.

बाकी इकडे नेहमीचंच. गुडघे कामातून गेले. हेझल गेल्यापासून चूल पेटवली नाही, कोपऱ्यावरच्या हॉटेलात अंडी-बटाटे खातो. वाढणारी बाई "आज काय घेणार, चॅम्पियन?" असं विचारते. यंदा आपला संघ एकशे दोन सामने हरला, तेव्हा या चॅम्पियनमध्ये कौतुक किती आणि टोमणा किती ते तूच ठरव. तुमच्याकडे मका काढून झाला असेल. तुझ्या इर्माला माझा नमस्कार सांग. तिचंही पत्र आलंय, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी संघाचं सांगतो. मालक स्टॉफर हा गाद्या विकून श्रीमंत झालेला माणूस. संघ हरायला लागला तेव्हा त्याला कुणीतरी सांगितलं की जुने नावाजलेले खेळाडू परत आणून बाकड्यावर बसवा, पोरांना स्फूर्ती मिळेल. म्हणून मग मी आलो आणि बक टॉलिव्हर आला. तुलाही बोलावलं होतं, पण तू नाही म्हणालास. शहाणा ठरलास.

आम्हाला अडतीस सालचा गणवेश नवा शिवून दिला. बकला त्याची बटणं लागेनात, तेव्हा पाठीमागून कापड उसवून पिना लावल्या. दर शनिवारी मैदानाला एक चक्कर मारायची, हात हलवायचे, लहान मुलांच्या टोप्यांवर सह्या करायच्या आणि मग बाकड्याच्या टोकाला बसून स्फूर्ती द्यायची. बक स्फूर्ती देता देता तिसऱ्या इनिंगपर्यंत घोरायला लागायचा.

पहिल्याच शनिवारी स्टॉफरने माझ्या हातात माईक दिला. "क्रॅडॉक, तो जेवणाचा किस्सा होऊन जाऊ दे!"

तुझा किस्सा, ल्यूथर. तीस वर्षं तू मेजवान्यांमध्ये सांगत आलास तो. अडतीस सालचा ऑगस्ट महिना, आठवी इनिंग, तुझ्याविरुद्ध एकालाही हिट मिळालेली नाही, म्हणजे चेंडू मारून कुणालाही पहिला तळ गाठता आलेला नाही, नववी संपेपर्यंत असंच राहिलं तर तुझं नाव विक्रमांच्या पुस्तकात, सगळं बाकडं श्वास रोखून बसलंय आणि हा एमेट क्रॅडॉक येऊन विचारतो, "ल्यूथ, रात्री जेवायला काय?" पुढच्याच बॅटरने चेंडू कुंपणावर मारला. क्रॅडॉक बोलला की वाटोळं! हशा, टाळ्या. तू सांगायचास तेव्हा मी शेजारी बसून हसायचो. त्या शनिवारी मीच माझ्या तोंडाने सांगितला आणि वीस हजार माणसं हसली. आमच्या बाकड्यावरची पोरंही हसली. तुझा वेन्डल तेवढा हसला नाही, तो माझ्याकडे बघत होता.

तुझ्या पोराबद्दल चांगलं तेवढं आधी लिहितो. एप्रिलमध्ये तू मला कार्ड टाकलंस, अकरा वर्षांनी चार ओळी: "वेन्डल तुमच्या संघात येतोय. दुखलं-खुपलं तर मेला तरी सांगणार नाही, माझ्यासारखा आहे. एमकाकाला सांग, असं बजावलंय. लक्ष ठेव." ते कार्ड मी पाकिटात घालून फिरत होतो. माणूस किती मूर्ख असतो बघ, मला वाटलं तू माफी मागतोयस.

मी लक्ष ठेवलंही. वळणारा चेंडू टाकायचा असला की तो आधी ग्लोव्ह जरासा उघडायचा. बॅटर त्यावरून चेंडू आधीच ओळखायचे. सगळ्या लीगला ते दिसत होतं, आमच्या पगारी कोचांना मात्र दिसलं नव्हतं. मी त्याला अंगणात आरशासमोर उभं करून तीन दिवस घोटून घेतलं. पुढचे सहा सामने जिंकला. म्हातारे घोडे अगदीच कुचकामी नसतात. दुपारी माझ्याबरोबर जेवायला यायचा, माझ्या ताटातले बटाटे उचलायचा. "एमकाका, बाबा खरंच एवढे भारी होते का हो?" मी म्हणायचो, "होता. आणि त्याहून भारी थापा मारायचा."

आता तुझा प्रश्न. तुझ्याच शब्दांत उतरवतो: "हात दुखतोय हे गाढवाने एका तरी माणसाला सांगायचं होतं. कुणाला सांगितलं नाही म्हणतो. तू तिथे होतास. खरं काय ते लिही."

शुक्रवार सकाळ.

काल इथेच थांबलो. पेन ठेवलं आणि फिरायला गेलो. आज लिहून टाकतो.

तो शनिवार होता, अठरा सप्टेंबर. पाचवी इनिंग संपली आणि फलकावर समोरच्या संघाच्या नावापुढे हिटच्या रकान्यात शून्य. पुढचं तुला माहीत आहे. बाकड्यावर कुणी काही बोलत नाही, पण सगळे एकेक करून सरकतात. पिचरच्या शेजारी कुणी बसायचं नाही, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही, नाहीतर नाट लागते. सुतक असल्यासारखा बसतो बिचारा. मॅनेजर फेंटनने माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. "क्रॅडॉक, आज तोंडाला कुलूप. जेवायला काय आहे ते मी तुला नंतर सांगतो." सगळं बाकडं हसलं, आवाज न करता, खांदे हलवत.

सहाव्या इनिंगमध्ये मला आवाज ऐकू आला. तू पिचर होतास, तुला तो आवाज माहीत नसेल. चांगला चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये येतो तो कडकन येतो. हात थकला की थप्प होतो, ओल्या कपड्यासारखा. आणि हात थकण्याच्या पलीकडे गेला की कधी कडक, कधी थप्प, कधी कडक. मी तो आवाज आयुष्यात एकदाच ऐकला होता. कधी, ते पुढे लिहितो.

सातवी इनिंग संपवून वेन्डल आत आला. सगळं बाकडं रिकामं होतं त्याच्यासाठी, पण तो सरळ चालत शेवटपर्यंत आला आणि माझ्या शेजारी बसला. हळूच म्हणाला, "एमकाका, कोपरात काहीतरी—"

मी उठलो. पाण्याच्या पिंपाशी गेलो आणि एक पेला पाणी प्यायलो. तहान नव्हती.

मागे वळलो तेव्हा फेंटनने मला अंगठा दाखवला, शाबास म्हणून.

आठवी संपली. हवेत गारवा असला की पिचरने दंड गार पडू नये म्हणून जाकीट घालायचं असतं. त्याने ते घातलं आणि बटण लावायला गेला. उजव्या हाताची बोटं मिटेनात. दोनदा प्रयत्न केला. मग जाकिटाची ती कड त्याने माझ्याकडे धरली. पाच पावलांवर होतो मी. तो काही बोलला नाही, नुसतं बटण पुढे केलं, बालवाडीतलं पोर करतं तसं. मी त्याच्याकडे पाहिलं, ल्यूथर, मग फलकाकडे पाहिलं. त्याने डाव्या हाताने आणि दातांनी बटण लावलं.

फेंटनला एक शब्द सांगितला असता तर काम झालं असतं. दुसरा पिचर कुंपणापाशी हात मोकळा करून तयार होता. सामन्यात आम्ही पाच धावांनी पुढे होतो आणि मोसम तर जूनमध्येच बुडाला होता, म्हणजे वाचवायला काहीच नव्हतं. फक्त ते रकान्यातलं शून्य होतं.

मी का बोललो नाही? तीन आठवडे स्वतःला सांगतोय की रिवाज म्हणून. नाट लागेल, पोराचं नाव पुसलं जाईल, जन्मभर मला बोल लावेल. हे खरं आहे. पण बटण पुढे धरलेलं असताना माझ्या मनात आलं ते वेगळंच होतं. मनात आलं, ल्यूथर व्हॅन्डिव्हर, बघ, मी गप्प आहे. तुला हवा होतो तसाच गप्प आहे. आणि मला बरं वाटलं. एवढंसंच, पण बरं वाटलं. हे मी पाद्रीबाबालाही सांगितलेलं नाही.

नववीतला शेवटचा चेंडू वळणारा होता. बॅटरने हवेत बॅट फिरवली, सामना संपला, पोरं धावत जाऊन त्याच्यावर पडली. कुणीतरी त्याचा उजवा हात धरून वर केला. तो फोटो तू पेपरात पाहिला असशील, तुमच्या घरी फ्रेम करून लावलाही असशील. खाली छापलंय, आनंदाने ओरडताना वेन्डल व्हॅन्डिव्हर. तो आनंदाने ओरडत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, वसंतापर्यंत चमचा धरता येईल. चेंडूचं नाव काढू नका.

स्टॉफर खूश आहे. त्या सामन्यानंतरचे सगळे शनिवार मैदान भरलं. त्याच्या मते ही जुन्या माणसांच्या सहवासाची किमया. पुढच्या वर्षीही मला बोलावलंय, आणि मी होकार कळवला. रागाव, शिव्या दे. घरात हेझल नाही, दुसरीकडे कुठे बसू?

घरी निघायच्या आधी वेन्डल माझ्याकडे आला होता, हात गळ्यात बांधलेला. त्या सामन्यातला शेवटचा चेंडू मला दिला. त्यावर सही होती, डाव्या हाताने केलेली, पहिलीतल्या पोराची असावी तशी. मी म्हणालो, "तू मला सांगत होतास." तो म्हणाला, "मी कुणालाच काही सांगितलं नाही, एमकाका. बाबांनी विचारलं तरी हेच सांगणार. तुम्हाला त्यांनी आधीच खूप ऐकवलंय." असं म्हणून गेला. तुझा पोरगा तुझ्यासारखा नाही, ल्यूथर. तू कार्डात चुकीचं लिहिलंस.

आणि मग इर्माचं पत्र आलं. तू सहा आठवडे पोराशी बोलत नाहीस म्हणे. मीठ हवं असलं तर इर्माला सांगतोस, इर्मा वेन्डलला सांगते आणि मिठाचं भांडं फिरून तुझ्याकडे येतं. तुझं म्हणणं, स्वतःच्या आडमुठेपणाने याने हात घालवला, एका माणसाला तरी सांगायचं होतं. त्याने सांगितलं होतं. तू ज्याला सांगायला सांगितलंस त्यालाच सांगितलं. आडमुठा मी होतो, आणि मला तसा बनवलास तू, तीस वर्षं, दर मेजवानीला थोडाथोडा.

हे पत्र तू दुसऱ्या पानावरच फाडशील हे मला माहीत आहे, म्हणून पाकिटावर इर्माचं नाव घातलंय. तिला वर चिठ्ठी लिहिली आहे की जेवायच्या टेबलावर, तिघं बसलेले असताना, मोठ्याने वाचायचं. इर्मा, तू वाचते आहेस ना? मग थांबू नकोस. तो उठून जायला लागला तर दाराशी जाऊन वाच.

वेन्डल, आता ऐक. अडतीस साली आठव्या इनिंगला मी तुझ्या बाबाला जेवायला काय, असं विचारलं नव्हतं. त्याचा चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये कधी कडक, कधी थप्प यायला लागला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, "हात कसा आहे?" तो म्हणाला, "गप बस." पुढच्या बॅटरने हिट मारली, शून्य गेलं, आणि मी त्याचं न ऐकता मॅनेजरला सांगून त्याला बाहेर काढायला लावलं. खांदा भोपळ्यासारखा सुजला होता. तीन आठवडे विश्रांती घेतली आणि त्यानंतर तो आठ वर्षं खेळला. आज लोक ज्याला मोठा पिचर म्हणतात तो त्या आठ वर्षांतला आहे. जेवणाचं त्याने नंतर घातलं, लोक हसावेत म्हणून. लोक हसले. मीही हसलो, म्हणजे त्याच्या खोटेपणात माझाही वाटा आहे.

तुझ्या बाबाला मी ते तीन शब्द विचारले होते. तुला विचारले नाहीत.

ल्यूथर, पोरगा समोर बसलाय. मिठाचं राहू दे. ते तीन शब्द आता तू विचार.

कळावं म्हणूनच लिहिलं. लोभ असावा असं लिहायचा हक्क मी पाण्याच्या पिंपापाशी सोडून आलो.

तुझा कॅचर,
एमेट