बारा नेचे

दि. ४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं काका त्यांच्या मनचं सांगतात, म्हणून पत्रच लिहिते. एम.एस्सी.चं शेवटचं सत्र सुरू झालं. बायोटेक्नॉलॉजी म्हणजे सकाळभर पिपेट धरून अंगठा दुखवून घेणं आणि बायोइन्फर्मेटिक्स म्हणजे दुपारभर संगणकासमोर मान दुखवून घेणं, एवढं कळलं तरी तुला पुरे.

गंमत म्हणजे माझा प्रकल्प तुझ्याच जुन्या कचेरीत आहे! लग्नाआधी तू जिथे लेबलं लिहायचीस, तोच वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आणि तीच लोखंडी कपाटं. जुन्या पानाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातला डीएनए वाचायचा आणि संगणकाला विचारायचं, की ही कुठल्या घराण्यातली? मी चाळीस नमुने घेतले, सगळ्यांवर तुझं अक्षर. आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या, असं इंग्रजी अक्षर आता बघायला मिळत नाही. माझी मान ताठ!

पण अठ्ठावीस बरोबर आले आणि बारा नेचे उलटे निघाले. सहांवर ओढ्याकाठच्या नेच्याचं नाव आहे, तर डीएनए खडकावरच्याचा. दुसऱ्या सहांचं नेमकं उलट. मॅडम म्हणतात, माझ्या हातून नळ्यांची अदलाबदल झाली. मलाही तेच वाटतं. लेबल तुझं आहे म्हणजे घोळ माझाच. आता सगळं पुन्हा करायचं. एप्रिलअखेर जमलं नाही तर सत्र बुडेल आणि जूनपासूनची नोकरीही जाईल.

काकांना नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो पत्रातून येऊ दे.

तुझी
भिंगरी

दि. ९ मार्च

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं, त्यातलं एकदा काकांना मोठ्याने. तेव्हापासून ते जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटले आहेत, की आमची भाची पानांना त्यांचं घराणं विचारते. गॅलरीतल्या टोमॅटोंनाही विचारून बघ म्हणतात, कारण यंदा एकही धरलेला नाही.

जेवणं वेळेवर करत जा. अंगठ्याला गरम पाण्याचा शेक दे. आणि माझ्या लेबलांचं फार कौतुक करू नकोस. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर पट्टी घेऊन मागे उभ्या असायच्या, त्या भीतीचं अक्षर आहे ते.

ते नेचे कुठल्या साली, कुठल्या महिन्यात आणलेले, तेवढं कळव. उगाच विचारते.

तुझी
मावशी

दि. २७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पुन्हा केलं. बाराही पानांचे नवे तुकडे घेतले, एका वेळी एकच नळी उघडली, शेजारी मैत्रीण पहाऱ्याला बसवली. तरी तेच आलं. मॅडम आता रागावत नाहीत, नुसती नोंदवही चाळून परत देतात. त्याने जास्त धसका बसतो. नेचे नजरेने ओळखणारं विभागात आता कुणी उरलेलं नाही, मग विचारायचं तरी कुणाला? एकच चूक दोनदा करणाऱ्या मुलीची नोकरीसाठी शिफारस कशी करायची, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

मी ठरवलंय. ते बारा वगळायचे आणि प्रबंधात स्वच्छ लिहायचं, की माझ्याच हातून नमुने बदलले असावेत.

तू विचारलं होतंस ना? अडतीस वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर.

तुझी
भिंगरी

दि. ३१ मार्च

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

असं काहीही लिहू नकोस. चूक तुझी नाही, माझी आहे.

त्या नोव्हेंबरात मोठे सर नेच्यांचे दोन गठ्ठे घेऊन आले होते. प्रत्येकावर एकेक चिठ्ठी, वर नाव. तुझे काका, तेव्हा काका नव्हते, खाली सायकलपाशी साडेपाचपासून उभे होते. शाई लवकर वाळावी म्हणून मी पंखा लावला आणि चिठ्ठ्या, लेबलं सगळं उडालं. लेबलं गोळा केली, पण कुठली चिठ्ठी कुठल्या गठ्ठ्यावर होती ते काही आठवेना. सर घरी गेले होते. मी अंदाजाने चिकटवलं आणि जिना उतरले. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी सरांनी पाहुण्यांना बोलावून माझं अक्षर दाखवलं आणि म्हणाले, या मुलीचं लेबल दुसऱ्यांदा तपासावं लागत नाही. त्यानंतर मी ते सांगितलंच नाही. वर्षभरात लग्न झालं, कचेरी सुटली. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला हे सगळं आठवलं होतं. तरी साल विचारत बसले, हे त्याहून वाईट. मला माफ कर.

शेवटच्या कपाटाच्या खालच्या खणात सरांच्या हिरव्या वह्या असायच्या. ओढ्याकाठच्या नेच्याच्या देठाला बुडाशी काळे केस असतात, असं त्यांनी त्यात लिहिलेलं मला पक्कं आठवतं. भिंगाखाली बघा. आणि हे पत्र तस्संच मॅडमना दाखव.

तुझी
मावशी

दि. १२ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

वही मिळाली! मॅडम स्वतः धुळीत बसल्या. केस आहेत, काळेभोर, आणि ज्या सहांचा डीएनए ओढ्याकाठचा आला नेमके त्यांनाच आहेत. मॅडमनी माझी माफी मागितली, मला कुठे बघू असं झालं. शिफारसपत्रावर सही झाली. शिवाय जुन्या संग्रहातल्या चुका डीएनएवरून पकडता येतात, असं एक अख्खं प्रकरणच प्रबंधात वाढलं.

तुझ्यावर मॅडम रागावलेल्या नाहीत. मात्र पुरावा म्हणून तुझं पत्र परिशिष्टात जोडायला सांगतात. काकांचा आणि सायकलीचा भाग वगळू का?

आणखी एक. जुनं लेबल काढायचं नसतं, त्याखाली दुरुस्तीची चिठ्ठी लावतात. त्या बारा चिठ्ठ्या तू लिहाव्यास अशी मॅडमची इच्छा आहे. कोऱ्या पंधरा पाठवते. मी तुझ्यावर रागावले का, हे विचारू नकोस. एक दिवस रागावले होते.

तुझी
भिंगरी

दि. १९ एप्रिल

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

एकच दिवस? मग स्वस्तात सुटले.

सायकल वगळू नकोस. काकांना प्रबंधाची प्रत हवी आहे, आणि विज्ञानात आपलाही हात आहे असं ते आतापासूनच बोलू लागले आहेत.

चिठ्ठ्या झाल्या. तीन बिघडल्या. दुरुस्ती करणाऱ्याच्या जागी बाराही ठिकाणी तुझं नाव घातलं. जन्मापासून तुला भिंगरीच म्हणत आले. तुझं अख्खं नाव, आडनावासकट, आज पहिल्यांदा माझ्या हाताने लिहिलं. पोस्टाने पाठवत नाही, सोमवारी स्वतः घेऊन येते. मॅडमना समोर बसून सांगायचं आहे. पत्रात लपायला सोपं जातं. डिंक तयार ठेव. चिकटवायच्या मात्र तू. मी शेजारी उभी राहून एकेक वाचून घेईन.

तुझी
मावशी