हात थरथरतो म्हणे

सोमवार, ४ मार्च

आज परत आला. मस्का! नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात. दारातूनच सुरुवात – "ताई, तुमच्यासारखा हात कुठे बघायला मिळत नाही!" मी कवळीला पॉलिश करत होते, मान वर केली नाही. तरी बसला. दाताच्या डॉक्टरांना सामान पुरवतो, त्यामुळे सगळ्या दवाखान्यांत ये-जा. चहा संपायच्या आत मला कळलं की एका डॉक्टरचं बायकोशी पटत नाही, दुसरा परीक्षेत तीनदा आपटला होता, आणि नाक्यावरचा तो कवळ्यांचा कारागीर हलकं मेण वापरतो. वर "आपल्यातच राहू द्या हं!"

जो दुसऱ्याचं मला सांगतो तो माझं दुसऱ्याला सांगणारच. एवढं कळायला अक्कलदाढ यावी लागत नाही.

ह्यांना सांगितलं तर म्हणे, "तुला प्रत्येकात खोट दिसते. चार ओळखी वाढव की जरा." सासूबाई पण मुलाच्या बाजूने. तोंडात कवळी मी केलेली आणि बोलणं माझ्याविरुद्ध. आपलेच दात, आपलेच ओठ!

शनिवार, ९ मार्च

मोठ्या डॉक्टरीणबाई नवा दवाखाना काढतायत. तिथल्या सगळ्या कवळ्या एकाच कारागिराकडे देणार. मलाच देतील. इतकी वर्षं त्यांचंच तर करते, माझं निम्मं काम त्यांचं. पण हल्ली मस्का तिथे रोज ठाण मांडून असतो. बाईंना सावध करायला हवं – पण काय सांगून? गोड बोलतो हा काही गुन्हा नाही.

मंगळवार, १२ मार्च

युक्ती सुचली! त्याला एक थाप मारायची, फक्त त्यालाच. ती फिरून बाईंकडे पोचली की चोर सापडला.

लगेच केलंही. तो आला तसा आवाज खाली आणला – "कोणाला सांगू नका हं, पण अलीकडे माझा उजवा हात थरथरतो." त्याच्या डोळ्यांत पाणी! "ताई, या कानाचं त्या कानाला कळणार नाही." नाटकी मेला. तो गेल्यावर एकटीच हसत बसले.

शुक्रवार, १५ मार्च

अजून काही नाही. छे!

गुरुवार, २१ मार्च

मासा गळाला लागला, आणि मला घेऊन बुडाला.

बाईंनी बोलावलं, चहा दिला, आणि माझ्या कपाकडे बघत बसल्या. मग हळूच, "हात कसा आहे गं?" मला आत उकळ्या फुटल्या – आता सांगतेच सगळं! पण त्या बघतच होत्या. कप बशीत ठेवताना खुळखुळला. खरंच खुळखुळला! इतकं कोणी टक लावून बघितलं तर कोणाचाही हात हलेल.

मग घाईघाईने सांगून टाकलं. हात ठणठणीत आहे, ती थाप मीच मारली होती, त्याला पकडायला. बाईंनी माझा कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "म्हणजे खोटं तू बोललीस. तो बिचारा तर रडवेला होऊन सांगत होता, ताईंचं काम काढून घेऊ नका म्हणून."

खोटं मीच बोलले होते.

शुक्रवार, २२ मार्च

नाक्यावरचा कारागीर रस्त्यात थांबवून म्हणाला, "जपा हं." दुकानदाराने माझी पिशवी स्वतः उचलून दारापर्यंत आणली. नको नको म्हटलं तर आणखीच कळवळला. आजार नाही हे सिद्ध कसं करतात? आहे म्हणणाऱ्यावर लगेच विश्वास बसतो. नाही म्हणणारी लपवते!

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "खरंच नाही ना गं काही?"

ह्यांनीसुद्धा!

मंगळवार, २ एप्रिल

नव्या दवाखान्याचं काम मस्काला मिळालं. ज्याला मेणाचा गोळा धड धरता येत नाही त्याला! म्हणे तो 'चांगल्या हातांकडून' करून घेणार. दात-ओठ खाण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

सोमवार, १५ एप्रिल

आणखी दोन डॉक्टरांनी काम थांबवलं. "आराम करा ताई." टेबल मोकळं. एरवी दहा-बारा जबड्यांचे साचे दात विचकून बघत असतात, त्यांचा राग यायचा. आज एकही नाही. रडले. सरळ बसून रडले. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि चक्क एक शब्द बोलल्या नाहीत, तेव्हा जास्तच रडू आलं.

गुरुवार, २५ एप्रिल

मस्का आला, चार साचे घेऊन. "तुम्हाला मी वाऱ्यावर सोडेन का? फक्त कवळीबरोबर नाव माझं जाईल. लोक घाबरतात ना ताई, हाताचं ऐकलं की."

खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे – आणि त्याचे दोन्ही मीच करून द्यायचे! हाकलायला तोंड उघडलं होतं. मग रिकाम्या टेबलाकडे लक्ष गेलं. साचे ठेवून घेतले.

दिवसभर बसून दात लावले. हात एकदाही हलला नाही. कोणाला दाखवू?

गुरुवार, ९ मे

काम भरपूर. सगळं त्याच्याकडून. ह्यांनी काल त्याला जेवायला बोलावलं! सासूबाई त्याच्या विनोदांवर पोट धरून हसल्या. मी वाढत होते.

शनिवार, १८ मे

दुपारी एका बाईचा फोन. नुकतंच स्वतःचं काम सुरू केलंय तिने, कवळ्यांचंच. मस्का म्हणालाय, सगळ्या दवाखान्यांत ओळख करून देतो. आवाज कसा स्वच्छ! "ताई, विचारायला त्यांनी तुमचंच नाव दिलं. खरं सांगा हं, माणूस कसा आहे?"

घरात कोणी नव्हतं. दार लावलेलं होतं. ऐकणारं कोणी नव्हतं.

म्हटलं, "माझ्या वाईट काळात एकटा तोच उभा राहिला. लाखात एक माणूस."