तिसऱ्या गाण्यातली घरघर

केदारखेडा, मंगळवार, संध्याकाळ

माझा अल्बम येऊन आठवडा झाला. कॉमेंटी वाचून वाचून डोकं शिणलं. सगळ्यांना झोप येते म्हणे! एका समीक्षकानं तेवढं तिसऱ्या गाण्यातल्या घरघरीचं कौतुक केलं. "हा गायक स्वतःच्या आत कान लावून ऐकतो."

ती घरघर कीबोर्डची न्हाईच. आमच्या विहिरीवरच्या मोटरीची आहे, मीच रेकॉर्ड केल्ती. परवा ती मोटर जळाली.

आज बाबांनी गाणं पहिल्यांदा ऐकलं. घरघर आली तसा मोबाइल कानाला लावला.

"बेअरिंग वाजून राह्यलं हिचं, म्हणूनच जळाली. कवाचं रेकॉर्डिंग हे?"

"दिवाळीतलं."

"मंग इतके दिवस एकटाच ऐकून राह्यलास?"

हेडफोन लावून शंभरदा ऐकली ती घरघर. मला ती फक्त उदास वाटली.