मचबाईंच्या सत्तावीस निऱ्या

४ मे, शनिवार
अखेर किल्टचं, म्हणजे पाइपरच्या निऱ्यांच्या घागऱ्याचं, माप दिलं. एल्गिनला, मचबाईंच्या दुकानात. आठ वार लोकर, सगळी हातशिलाई. कापड गिरणीतून खास विणून येणार, मग शिवण. किती दिवस लागतील, विचारलं. म्हणाल्या, दहा-बारा आठवडे धर. आमच्या गावचे खेळ २७ जुलैला, म्हणजे मोजून बारा आठवडे. ते 'धर' मला आवडलं नाही.

माप घेताना म्हणाल्या, श्वास सोड गं पोरी, बॅगपाइप वाजवायचाय की फोटो काढायचाय? मी श्वास रोखला नव्हता. ताठ उभी होते.

त्यांनी लिहिलं, कंबर साडेएकोणतीस. घरी आईच्या टेपनं अठ्ठावीस भरली. दोनपैकी एक टेप खोटी आहे. आईची असणं शक्य नाही.

५ मे, रविवार
गावच्या खेळांतल्या पाइपवादन स्पर्धेचा अर्ज भरला. तीन रचनांची नावं द्यायची, परीक्षक आयत्या वेळी त्यातली एक सांगतो. दोन मला झोपेतही येतात. तिसरी म्हणून 'बुडालेल्या नावेचा विलाप' लिहिली. ती बाबा वाजवायचे. त्यातले पहिले दोन भाग येतात, पुढचे पाच राहिलेत. अर्जात छापलंय, 'तयार असलेल्या रचना'. अर्धा तास पेन हातात धरून बसले. मग लक्षात आलं की अर्ज जुलैचा आहे आणि जुलैत ती तयार असेलच. म्हणजे खोटं नाही.

मी दहा वर्षांची होईपर्यंत घरीच शिकले. आईनं अक्षरं शिकवली, बाबांनी सूर, आणि दोघांनी मिळून खरं बोलणं. शेवटचा विषय जरा जास्तच शिकवला, असं स्ट्रुअन म्हणतो. भाऊ आहे, म्हणणारच.

गेल्या वर्षी त्याचाच जुना किल्ट पिना लावून घातला होता. वाजवताना मध्येच तो घसरायला लागला, माझं लक्ष उडालं आणि मी थांबले. सगळ्या गावासमोर. स्ट्रुअन म्हणतो, किल्ट जागच्या जागी होता, उने, घसरली ती तुझी बोटं. तो माझ्या मागेच बसला होता. त्याला काय दिसणार.

यंदा अंगाच्या मापानं बेतलेला किल्ट. प्रश्नच मिटला.

संकल्प: उद्यापासून रोज एक तास सराव. तिसरा भाग या आठवड्यात.

१३ मे
सराव झाला नाही. कंबरेचं डोक्यातून जात नव्हतं. मचबाईंना फोन करून साडेएकोणतीस खोडून अठ्ठावीस करा म्हटलं. म्हणाल्या, बाई गं, पिशवी भरायला पोटात वारा घेशील तेव्हा काय करशील? मी म्हटलं, तो माझा प्रश्न. लगेच 'बरं' म्हणाल्या.

हे 'बरं' फार सहज आलं. लिहून ठेवते.

२ जून, रविवार
प्रार्थनेहून आल्यावर बाबांनी स्वयंपाकघरात विलापाचे बोल गाऊन दाखवले. त्यांची पद्धत तीच, कागद नाही. ते गाणार, मी मागून गाणार, गळ्यात बसलं की मगच बोटांत. कारखान्यात दिवसभर लाकडी पिपं ठोकून त्यांचे हात सुजतात, आता स्वतः वाजवत नाहीत. हियो-दारो-हिन करत तिसऱ्या भागाच्या मध्यावर आले आणि थांबले. म्हणाले, आता तू पुढे चल.

मी म्हटलं, बाबा, कापड आलं असेल का हो गिरणीतून?

त्यांनी किटली चुलीवर ठेवली.

७ जून, दुपार
कापड आलंय. मचबाईंनी स्वतः कळवलं नाही, मी फोन केला तेव्हा समजलं. का कळवलं नाही?

८ जून, शनिवार
बसनं एल्गिनला गेले. उगाच नव्हे, आईला लोकर हवी होती. दुकानावरून जाताना आत शिवणयंत्राचा आवाज ऐकला. हातशिलाई ठरली आहे! पंधरा मिनिटं समोरच्या बेकरीत उभी राहून ऐकत होते. ही हेरगिरी नव्हे. बटरी, म्हणजे इथले खारे चपटे पाव, घेत होते. चार घेतल्या, कारण रिकाम्या हातानं इतका वेळ उभं राहणं बरं दिसलं नसतं.

शेवटी आत गेले. मचबाई यंत्रावर शाळेच्या गणवेशाच्या कडा मारत होत्या. माझं कापड फळीवर, कागदात गुंडाळलेलं. म्हणाल्या, ये, चहा घेतेस? आज काय मोजायला आलीस?

मी म्हटलं, सहज आले. बाहेर पडल्यावर या खोटेपणाचं वाईट वाटलं. परत जाऊन सांगितलं की सहज नव्हते आले. म्हणाल्या, ते कळलं होतं गं.

आईची लोकर राहिली. सरावही.

१९ जून
संकल्प सुधारला: रोज अर्धा तास, पण मन लावून. किल्ट आल्यावर एक तास. खरा सराव पूर्ण पोशाखातच होतो, नाहीतर अंगाला सवय चुकीची लागते. बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले की आपण सगळं स्वयंपाकघरात शिकलो, विजारीत.

त्यांचा काळ वेगळा.

२२ जून, शनिवार
भयंकर. दुकानाच्या काचेतून पाहिलं (ओझरतं). माझा किल्ट टेबलावर आणि त्याला पांढऱ्या दोऱ्याचे अंगठ्याएवढे टाके! पोतं शिवतात तसे. आणि मागची बाजू भलत्याच कापडाची. पुढे आमचा हिरव्या-निळ्याचा चौकडा, मागे नुसत्या लाल उभ्या रेघा. एकाला एक चिकटून.

आत गेले. शांतपणे विचारलं. शांतपणे म्हणजे काउंटरवरच्या टाचण्या सांडल्या, पण आवाज चढवला नाही. माझं कापड कुणाला विकलंत?

मचबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. पांढरा दोरा कच्चा टाका आहे म्हणाल्या, निऱ्या जागेवर राहाव्यात म्हणून, शेवटी निघतो. मग कापडाची एक निरी उलगडून दाखवली: आत पूर्ण हिरवा-निळा चौकडा दडलेला, घडीच्या तोंडावर फक्त लाल रेघ. निऱ्या चौकड्यावर घालायच्या की रेघेवर, हे गिऱ्हाईक ठरवतं. फळीवरून माझा कागद काढला. 'रेघेवर' या शब्दापुढे खूण, खाली माझी सही.

आठवलं. तेव्हा दोन्हींतला फरक विचारायला लाज वाटली होती, आणि पलटणीतले पाइपर रेघेवर घालतात एवढं ऐकलं होतं.

म्हणाल्या, उसवू का? पुन्हा घालायला तीन आठवडे लागतील, पण तू सांग.

मी म्हटलं, नको, मी खात्री करून घेत होते. टाचण्या सगळ्या वेचून दिल्या. एक सापडली नाही. घरून पत्र लिहून तिच्याबद्दल पुन्हा माफी मागितली.

३० जून
निऱ्या सत्तावीस असणार, असं कळलं. मी किती मोजल्या होत्या ते आठवेना. रात्रीचं जेवण झाल्यावर स्ट्रुअनला विचारलं की तो एल्गिनला कामावर जाताना मोजेल का. तो म्हणाला, उने, ती बाई चाळीस वर्षं निऱ्या घालते, तू दोन महिने एक विलाप धरून बसलीस, मोजायचंच तर कुणाचं मोजू?

मत्सर. त्याला स्वतःचा नवा किल्ट कधी मिळाला नाही.

८ जुलै
मचबाईंच्या बोटाला पट्टी! त्या दुकानातून बाहेर पडताना स्ट्रुअननं पाहिली. म्हणजे शिवतंय कोण? फोन केला. सुई लागली म्हणाल्या, दुसऱ्या बोटानं शिवतेय. दुसऱ्या बोटाचे टाके तसेच पडतात का, हे विचारण्याआधी फोन ठेवला गेला. त्यांनी.

तिसरा भाग आला. जवळजवळ. चौथा तिसऱ्यासारखाच आहे, त्यामुळे तोही जवळजवळ आल्यात जमा.

१४ जुलै, रविवार
बाबांनी विचारलं, वाजवून दाखवतेस? मी म्हटलं, किल्टमध्येच दाखवीन. ते म्हणाले, परीक्षकानं तीच सांगितली तर? मी हिशेब समजावला: तीनातली एक, आणि विलाप सगळ्यांत लांब, छोट्या गावच्या खेळात एवढा वेळ कोण ऐकतो. बाबा म्हणाले, मी ऐकतो.

नंतर मी बराच वेळ पाइपची नळी पुसत बसले. स्वच्छ असलेली बरी.

२० जुलै, शनिवार
किल्ट आला नाही. येईल असं कुणी म्हटलं नव्हतं, पण येऊ शकला असता. आता उरले सात दिवस. मचबाईंचा डाव उघड आहे: आदल्या दिवशी द्यायचा, म्हणजे तक्रारीला वेळच नको. या मनःस्थितीत सराव अशक्य. न आल्यास दोष कोणाचा, हे इथं नोंदवून ठेवते.

२४ जुलै, बुधवार, सकाळी १०
आला. तीन दिवस आधी. मचबाई स्वतः बसनं घेऊन आल्या.

घातला. तीन बकलं, तिन्ही मधल्या भोकात. मी खोल श्वास घेतला, घट्ट झाला नाही. विचारलं, अठ्ठावीस ना? म्हणाल्या, साडेएकोणतीस. पाइपरची पोरं सगळी श्वास धरतात गं, तुझ्या बापानंही धरला होता, त्याचा मीच शिवला.

सत्तावीस निऱ्या. दोनदा मोजल्या.

दुपारी १
आता मन शांत आहे. विलाप काढला. पाचव्या भागापाशी किल्ट जरा कडक वाटला. नवा आहे. उद्या नरम होईल.

२६ जुलै
नरम झाला. पाचवा झाला नाही.

२७ जुलै, शनिवार, संध्याकाळी
परीक्षकानं विलाप सांगितला.

पहिले दोन भाग चांगले गेले. तिसरा गेला. चौथ्यात बोटं परत तिसऱ्यात शिरली, तिथून पुन्हा चौथ्यात, पुन्हा तिसऱ्यात. मी किल्ट घसरायची वाट पाहिली. तो घसरला नाही. मग थांबले. मैदानाच्या पलीकडे गोळाफेक चालली होती, तिकडच्या टाळ्या ऐकू आल्या.

मचबाई दोरीपलीकडून आल्या, माझ्याभोवती एक फेरी मारली, कंबरेवर तळहात ठेवून पाहिला. विचारलं, कुठे टोचतंय का? मी म्हटलं, नाही.

घरी, फाटकापाशी गाडीतून उतरल्यावर बाबा म्हणाले, किल्ट छान बसलाय.

२८ जुलै, रविवार
प्रार्थनेला गेले नाही. किल्ट खिडकीपाशी उजेडात उलटा पसरला आणि आईचं भिंग घेऊन एकेक निरी वरपासून खालपर्यंत तपासली. अस्तर, पट्टे, बकलांचे टाके.

काही नाही.

पुन्हा पहिल्या निरीपासून सुरू केलंय.