फ्रीजचा आवाज

शुक्रवार, दिवेलागण. सिरसाळ्याजवळची चारा छावणी.

दूधसंघाची गाडी बंद होती, पण आतला लशींचा फ्रीज बॅटरीवर घुर्र घुर्र करत होता. पाहतो तर छावणीतली सारी मोकळी गुरं गाडीभोवती उभी. हंबरणं नाही, ढुशा नाहीत.

मी सोबतच्या गुरांच्या डॉक्टरांना म्हणालो, "तुमचा फ्रीज ओंकार जपतोय, शिष्यही जमले."

ड्रायव्हर बाबूभाई हसले नाहीत. "साहेब, त्येन्ला बोअरची मोटर वाटायलीय. पानी आलं म्हून उभे हाईत. बंद करा की."

"बंद केला तर लस नासेल," म्हणत डॉक्टर टोचू लागले.

दावं लागलं नाही. सुई शिरली तरी एकही गाय हलली नाही. कान फक्त त्या आवाजाकडे. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

शेवटची कुपीही संपली. रिकामा फ्रीज बंद करायला मात्र कुणाचाच हात पुढे होईना.